आठवीतल्या मुलाचं तोंड दोनच बोटं उघडतंय, आणि शाळेसमोरचा पानठेला त्याच्याच वडिलांचा. काय करू?

कोरी_पाटी

नमस्कार. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी विज्ञान शिकवते. शाळेचं नाव सांगत नाही, आणि मुलाची ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील बदललेत. लिहिता लिहिता लांबलंय, सांभाळून घ्या.

दिवाळीनंतरची गोष्ट. पोषण आहाराची खिचडी वाढून झाली आणि हा मुलगा थाळी घेऊन नळावर गेला. खिचडीत पाणी घेतलं, बोटांनी ढवळलं, पिवळं पाणी ओतून दिलं आणि खाली उरलेला भात खाल्ला. अन्नाशी खेळतोय असं वाटून मी ओरडले. तर म्हणाला, "तिखट झोंबते जी मॅडम." आमच्या खिचडीत तिखट म्हणावं असं काही नसतं हो. पहिलीतली पोरंसुद्धा वर लोणचं मागतात.

तेव्हा ते डोक्यातून गेलं. पुढच्या आठवड्यात पचनसंस्था शिकवताना सगळ्यांना सांगितलं, आपापली तीन बोटं एकावर एक उभी धरा आणि दातांच्या मधे घालून बघा. वर्गात नुसता हशा. बाकीच्यांची तिन्ही गेली, याची दोनच. तिसऱ्यासाठी त्याने मान मागे टाकून पाहिली, जणू मान मागे गेली की तोंड जास्त उघडेल. मग हसून हात खाली घेतला. मला मात्र हसू आलं नाही.

तो पाचवीपासून खर्रा खातो. विदर्भाबाहेरच्यांसाठी: सुपारीची कतरण, तंबाखू आणि चुना पन्नीत, म्हणजे प्लास्टिकच्या तुकड्यात, घालून घासून घासून घोटतात, तो खर्रा. माझं माहेर सोलापूरकडचं, तिकडे याचा भाऊ मावा. आजी तव्यावर तंबाखू भाजून मशेरी करायची तेव्हा घरभर ठसका लागायचा, त्यामुळे हे प्रकरण मला अगदीच नवीन नाही. पण बारा-तेरा वर्षांच्या पोरांनी एक पन्नी चौघांत फिरवणं इथेच पाहिलं. मधल्या सुट्टीत सायकल स्टँडच्या मागे. पन्नी कोणाची, पैसे कोणाचे, याचा त्यांचा हिशेब पक्का असतो, गणितात नसला तरी.

आता अडचण. पानठेला शाळेच्या फाटकापासून साठ-सत्तर पावलांवर, आणि तो याच्याच वडिलांचा. मुलगा संध्याकाळी तिथे बसतो, गिऱ्हाइकांना खर्रा घोटून देतो. वडिलांना बोलावलं तर हात जोडून म्हणाले, "मी त्याले देत नाही जी मॅडम. गल्ल्यावर बसते तवा घेत असंल." खोटं बोलत नव्हते. त्यांचंही तोंड पाहिलं, त्यांची दीड बोटं जातील.

मुख्याध्यापक म्हणतात पोलिसांत द्या. घरात कमावता ठेला एकच आहे, खाली अजून दोन बहिणी. तक्रार केली तर मुलगा शाळेत येणंच बंद होईल ही माझी भीती.

शाळेत काही झालंच नाही असं नाही. ३१ मेचा तंबाखूविरोधी दिवस सुट्टीत येतो म्हणून आम्ही जूनमध्ये शपथ घेतो. भिंतीवर विंचू आणि कवटी रंगवली आहे. कवटी त्याच्याच चुलतभावाने रंगवली, तोही खातो. २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात १३ ते १५ वयाचे तंबाखू घेणारे विद्यार्थी देशात ८.५ टक्के आणि महाराष्ट्रात ५.१ टक्के निघाले. माझ्या वर्गाचा पट ४१. त्या हिशेबाने दोन पोरं निघायला हवीत. मला ठाऊक असलेलीच सहा आहेत, आणि मुलींचं तर मी अजून विचारलेलंही नाही.

तर विचारायचं हे: त्याच्या तोंडाचं आधी काय करू? ठेल्याचं काय करू? आणि बाकीच्या पाचांशी काय बोलू, की ते तोंड फिरवणार नाहीत?

टवाळ_काका

मॅडम, आधी स्टाफरूम तपासा. आमच्या वेळी खर्रा आणायला सर आम्हालाच पाठवायचे. शपथ नंतर.

कोरी_पाटी

काका, खरं आहे. आमच्याकडे दोघे आहेत. एक सर तर शपथ देताना गालात तोबरा धरून होते, "मी शपथ घेतो की" एवढंच नीट ऐकू आलं.

बत्तिशी

मी दंतवैद्य आहे. ठेल्याचं इतर लोक सांगतील, मी तोंडाचं सांगतो.

तुम्ही लिहिलेली दोन्ही लक्षणं पुस्तकातली आहेत: तिखट सहन न होणं आणि तोंड कमी उघडणं. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. गालाच्या आतल्या मऊ अस्तराखाली कडक धागे तयार होतात. आतून गाल पांढुरका दिसतो, बोट फिरवलं तर दोऱ्या हाताला लागतात. न तपासता निदान करत नाही, पण याच महिन्यात दाखवा. जिल्हा रुग्णालयात दंतविभाग असतो. पुढे गरज पडली तर नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय आहे.

एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. यात मुख्य गुन्हेगार सुपारी आहे. सुपारीतला अरेकोलिन नावाचा घटक हे धागे वाढवतो. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, २००४ मध्ये नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं. म्हणून "तंबाखू सोडली, आता फक्त गोड सुपारी खातो" हे चालणार नाही. पालक हमखास इथे फसतात, कारण गोड सुपारी घरात लहान मुलाच्या हातावरही ठेवतात. मग तंबाखू काय करते? ती सवय लावते. चुन्यामुळे मिश्रण अल्कधर्मी होतं आणि निकोटिन गालातून झटपट रक्तात जातं. चुन्याने अस्तर सोललं जातं ते वेगळंच. वर्गात आम्ल-अल्कली शिकवाल तेव्हा हे उदाहरण घ्या, कवटीपेक्षा जास्त लक्षात राहील.

आखडलेलं तोंड पूर्ववत होईल असं त्याला सांगू नका, तसं सहसा होत नाही. पण आत्ता थांबला तर पुढचं आखडणं रोखता येतं. व्यायाम आणि औषधांनी थोडं उघडतंही. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक दातांत धरून हळूहळू एकेक वाढवण्याचा व्यायाम असतो, डॉक्टर दाखवतील. स्वतःहून जोर लावायचा नाही. या आजाराच्या काही रुग्णांत पुढे कर्करोग होतो, म्हणून सोडल्यावरही तपासणी चालू ठेवायची. बाकीच्या पाचांची तोंडंही बघा. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर वाट बघायची नाही.

आणि वडिलांनाही तपासायला न्या. दीड बोट म्हणजे त्यांचं प्रकरण मुलापेक्षा पुढे गेलंय.

नियमावली

कायद्याचं मी सांगते, कारण इथे दोन कायद्यांत मोठं अंतर आहे आणि लोक त्यात गोंधळतात.

२००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याचं कलम ६: अठरा वर्षांखालच्याला विकायचं नाही, अठराखालच्याकडून विकून घ्यायचं नाही, आणि शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांत, म्हणजे साधारण ९१ मीटरांत, विक्री नाही. दंड २०० रुपयांपर्यंत. दोनशे रुपये पानठेलेवाला धंद्याचा खर्च समजतो. उलट २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७७: मुलाला तंबाखूजन्य पदार्थ दिला तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. तुमच्या मुख्याध्यापकांच्या डोक्यात कोणतं आहे ते आधी विचारा. दुसरं असेल तर बाप आत जाईल आणि मुलाच्या लेखी ते मॅडममुळे होईल.

मी तुमच्या जागी असते तर पोलिसांच्या आधी टेप घेऊन गेले असते. फाटकापासून शंभर यार्ड मोजून रस्त्यावर पिवळी रेघ मारायची. तंबाखूमुक्त शाळेच्या निकषांतच ती आहे, म्हणजे शाळेचं कामच आहे. रेघ सगळ्यांना लागू होते, एकट्या याच्या बापाला नाही. ग्रामपंचायत किंवा नगरपंचायतीचं पत्र सोबत असू द्या. सुगंधित तंबाखू घालत असतील तर तीही महाराष्ट्रात बंद आहे, गुटखा २०१२ मध्ये बंद झाला त्याच्या मागोमाग. हे त्यांना एकट्यात, चहा पिताना सांगा. फाटकात उभं करून नको.

माजी_खर्राबहाद्दर

भंडाऱ्याचा आहे. अकरा वर्षं खाल्ला, सोडून सहा झाली. पोरांची बाजू मी सांगतो.

त्यांना कॅन्सर माहीत आहे. आम्हालाही माहीत होता. कॅन्सर चाळिशीला होतो, आणि तेराव्या वर्षी चाळिशी म्हणजे बापाचं वय. त्यामुळे ते सांगून उपयोग नाही. आम्ही खायचो कारण पन्नी फिरायची. चौघांत तुम्ही एकटे नाही म्हणालात तर दुसऱ्या दिवशी सायकल स्टँडवर तुम्हाला जागा नसते. म्हणून एकाला सोडवू नका, टोळीला सोडवा. सहाही जणांना एकत्र बसवा.

पहिले तीन दिवस वाईट. डोकं दुखतं, चिडचिड होते, सकाळी पोट साफ होत नाही आणि सगळे म्हणतात, "बघ, खर्ऱ्याशिवाय होत नाही." होतं हो, आठ-दहा दिवसांत मार्गावर येतं, पाणी जास्त प्यायचं. दोन-तीन आठवड्यांत बरंच निवळतं. तलफ एकदम येते आणि पाचेक मिनिटांत ओसरते, पण ती पाच मिनिटं मोजून काढावी लागतात. मी बडीशेप आणि भाजलेले चणे खिशात ठेवायचो. आणि हात! घोटायची सवय हाताला असते, हे कोणी सांगत नाही. माझा हात रिकाम्या पन्नीवरही चालायचा. तुमचा पोरगा रोज संध्याकाळी वीसेक खर्रे घोटतो. त्याला ठेल्यावरून उठवल्याशिवाय तो सोडूच शकणार नाही.

केंद्र सरकारची तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६, पैसे लागत नाहीत. गंमत बघा, २०१८ पासून तो नंबर तंबाखूच्या पाकिटांवर छापतात, ८५ टक्के जागेत सडक्या तोंडाचं चित्र आणि इशाराही असतो. पण खर्रा साध्या पन्नीत मिळतो. त्या पोराने चित्रही पाहिलं नसेल आणि नंबरही.

बत्तिशी

वरच्या पोस्टमध्ये भर: निकोटिनचे च्युइंगम दुकानात मिळतात म्हणून मुलांना देऊ नका. या वयात डॉक्टरांनी सांगितलं तरच. आणि आखडलेल्या जबड्याने च्युइंगम चघळणं हा वेगळाच छळ आहे.

कोरी_पाटी

तीन आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांचे मनापासून आभार.

जिल्हा रुग्णालयात नेलं. वडील, मुलगा आणि मी, एसटीने. डॉक्टरांनी पट्टीने मोजलं: मुलगा २७ मिलिमीटर, वडील १९. आकडा ऐकून वडील आधी मुलाकडे बघायला लागले. स्वतःचा आकडा त्यांनी दोनदा विचारून घेतला. परतीच्या गाडीत कोणी काही बोललं नाही. गाव जवळ आल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, तुमचं तं माह्यापेक्षा कमी हाय," आणि वडील हसले. हात तोंडावर धरून.

सहाजणांची मधल्या सुट्टीत बैठक सुरू केली. शपथ नाही, कवटी नाही. नखं कापायला लावतात तशी दर सोमवारी काड्या मोजायच्या, दातांत किती मावतात ते वहीत लिहायचं. स्पर्धा लागली आहे. दोघांनी आठ दिवस खाल्ला नाही असं सांगितलं, त्यातला एक नक्की खोटं बोलतोय, वास येतो. मी काही म्हटलं नाही. बहाद्दर, चणे कामी आले, पण महिन्याचा किराणा वाढलाय माझा.

स्टाफरूममधल्या एका सरांनी काड्या मागून घेतल्या. दार लावून मोजलं. आकडा सांगितला नाही.

पिवळी रेघ मारली. एकूण तीन ठेले आत येतात. दोघे कुरकुर करून थोडे मागे सरकले. याच्या वडिलांची अडचण अशी की जागा त्यांच्या घराच्या ओसरीचीच आहे, सरकायला दुसरी जागा नाही. मुलाला त्यांनी ठेल्यावरून उठवलंय, आता ते स्वतःच घोटतात. परवा शाळेत आले, चप्पल बाहेर काढून वर्गाच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "बंद करतो जी मॅडम. पण मंग त्या जागेवर विकू काय, ते तुमीच सांगा."

मला उत्तर आलं नाही. मुलं ४०० च्या आसपास, सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच, समोर रस्ता, वीज आहे, फ्रिज नाही. भांडवल पाच-सहा हजार. वह्या-पेनांचं दुकान पुढच्या चौकात आधीच आहे. तुमच्यापैकी कोणी ठेल्यावर दुसरं काही चालवून पाहिलं असेल तर लिहा. मला त्यांना सोमवारी सांगायचंय.