बंद पडलेली मोठी दुकानं: तुमच्याकडे मुंबईहून कुठल्या पिशव्या यायच्या?

आंबेवाला_देवगड
मंडळी नमस्कार, प्रश्न एकच आहे पण जरा लांबणार. ऐंशीच्या दशकात आमच्याकडे मोठं दुकान हा प्रकारच नव्हता, बाजारपेठेत वाणी, कापडवाला आणि तालुका खरेदी-विक्री संघ, संपलं. मुंबईची मोठी दुकानं आम्हाला माहीत होती ती चाकरमान्यांच्या पिशव्यांवरून. गणपतीला परळ डेपोची गाडी आली की काकांच्या हातातल्या पिशवीवर नाव काय ते आधी वाचायचं. बहुतेक अपना बाजार. आत्याचे यजमान फोर्टात नोकरीला, त्यामुळे त्यांची अकबरअलीजची, आणि ती पिशवी आई वापरायची नाही, घडी घालून ट्रंकेत ठेवायची. आता मुलगी विचारते की बाबा ही दुकानं म्हणजे डीमार्टसारखी होती का, आणि मला सांगता येत नाही कारण मी स्वतः कधी आत गेलोच नाही! ज्यांनी खरेदी केलीय त्यांनी सांगा आत काय असायचं आणि मुख्य म्हणजे बंद का पडली. नुसतं "मॉल आले म्हणून" नको, तेवढं मलाही कळतं.

राजापूर_व्हाया_नायगाव
आंबेवाले, पहिली दुरुस्ती, अपना बाजार बंद नाही पडलेलं हो. आटलंय खूप, पण आहे. १९४८ ला नायगावात सुरू झालं, गिरणी कामगारांनी एकत्र येऊन काढलेलं ग्राहक भांडार, संस्थेच्या नावातच मुंबई कामगार आहे. आमचे वडील गिरणीत होते आणि सभासद पण होते, म्हणजे शेअर घेतलेला, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान, दुकानात गेले की मालक आल्यासारखं बोलायचे. पगार झाला की महिन्याचं सामान तिथूनच. तांदूळ डाळ तेल साबण, वरती कापड, भांडी, वह्या. वाण्याकडे वजनात मारतील ही भीती असायची, इथे ती नव्हती, आणि भाव लिहिलेला असायचा, त्या काळात हे फार मोठं होतं.

आता का आटलं, तर माझं मत सांगतो. गिऱ्हाईकच गेलं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्यानंतर अर्ध्या चाळीला पगार नाही, कित्येक घरं सरळ गावी आली, आमचं त्यातलंच. ज्या दुकानाचा पायाच गिरणगावातला पगारदार माणूस, त्याने करायचं काय. पुढे उपनगरात शाखा काढल्या, काही चालल्या काही नाही.

आणि मुलीला सांगायला एक गोष्ट. डीमार्टवाले राधाकिशन दमाणी, त्यांनी स्वतःचं दुकान काढायच्या आधी १९९९ च्या सुमारास नेरूळला अपना बाजारचीच फ्रँचायझी घेतली होती. ते मॉडेल त्यांना पटलं नाही, मग २००२ ला पवईला पहिलं डीमार्ट. म्हणजे डीमार्टसारखं होतं का हा प्रश्न उलटा आहे, डीमार्टवाला आधी आमच्या दुकानात शिकून गेलाय.

फोर्टची_लोकल
अकबरअलीजचं मी सांगते, माझं ऑफिस तिथून चालत पाच मिनिटांवर होतं. १८९७ चं दुकान, फ्लोरा फाउंटनपाशी, आणि खाली औषधं, कॉस्मेटिक्स, गिफ्टच्या वस्तू असलं सगळं. डीमार्टसारखं अजिबात नाही. ट्रॉली घेऊन फिरायचं आणि हवं ते टाकायचं असं नव्हतं, काउंटरमागे माणूस उभा, त्याला सांगायचं, तो काढून दाखवणार. मला तर सुरुवातीला लाज वाटायची, गावाकडचे हेल निघतील म्हणून बोट दाखवूनच काम भागवायचे 😄 पण विक्रेते वर्षानुवर्षं तेच, ओळख ठेवायचे. आत्याच्या यजमानांनी पिशवी जपून आणली असेल तर मला कळतं, तिथून काहीतरी घेतलं हे दाखवायचंच असायचं. सांताक्रूझला, चेंबूरला पण निघाली होती नंतर. का बंद, तर फोर्टातली ऑफिसंच बीकेसी आणि नवी मुंबईकडे गेली की, संध्याकाळी सहाला खरेदी करून स्टेशन गाठणारा माणूस राहिला नाही.

त्याच्याही आधीची साहेबी दुकानं आम्ही नुसती इमारती म्हणून बघितली. डी. एन. रोडला व्हाइटअवे लेडलॉ नावाचं होतं, फक्त रोखीने विकायचे म्हणे, उधारी बंद. इंग्रज गेले, आणि त्या इमारतीत आलं काय तर खादी भांडार! याहून चांगला सूड मी बघितला नाही. काळा घोड्याला आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स, त्या इमारतीत नंतर वेस्टसाइड.

आणि क्रॉसरोड्स मॉल आठवतंय का कोणाला, हाजी अलीजवळ, १९९९ ला उघडलं तेव्हा आत सोडायला मोबाइल नाहीतर क्रेडिट कार्ड दाखवा म्हणायचे. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. बाहेरून बघून १२४ नंबरच्या बसने परत. ते पण गेलं, बरं झालं.

बंदरावरचो
काय रे मेल्यांनो, सगळे फोर्टात जावन बसलात! गावातल्या दुकानांचा कोण सांगतलो?

(पुढे शुद्धात लिहितो, नाहीतर रत्नागिरीवाले तक्रार करतील.) आंबेवाल्यांनी खरेदी-विक्री संघ एका ओळीत उडवला, पण आमच्या तालुक्याला तेच डिपार्टमेंट स्टोअर होतं. खत, बियाणं, पत्रे, सिमेंट, साखर, पामतेल, कंट्रोलचं कापड, शाळेच्या वह्या, सगळं एका छपराखाली. फक्त ते छप्पर पावसात गळायचं. हे उगाच कोणाला सुचलं म्हणून निघालं नव्हतं, १९६२ च्या चीन युद्धानंतर भाव भडकायला लागले तेव्हा केंद्र सरकारने ग्राहक भांडारांची योजना आणली, आणि १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन झालं त्यानंतर दिल्लीत कॅनॉट प्लेसला सुपर बाजार काढला, त्याच लाटेत देशभर ठिकठिकाणी जनता बाजार, ग्राहक भांडार अशा पाट्या लागल्या. दिल्लीचा सुपर बाजार पण बुडालाच शेवटी.

आता का बंद पडली याचं माझं उत्तर, आणि हे कोणाला आवडणार नाही. संघात गर्दी असायची ती संघ चांगला होता म्हणून नाही, माल दुसरीकडे मिळत नव्हता म्हणून. सिमेंटला परमिट लागायचं, घर बांधणारा माणूस चेअरमनच्या दारात उभा. १९८२ ला सिमेंट अर्धं मोकळं झालं, १९८९ ला पूर्ण, तसंच एकेक. ज्या दिवशी सिमेंट नाक्यावरच्या व्यापाऱ्याकडे मिळायला लागलं त्या दिवशी संघाकडे जायचं कारण संपलं. उरली ती उधारी, आणि उधारी कोणाची तर संचालकांच्या पाहुण्यांची. काही संघ अजून नीट चाललेत, भात खरेदी, खत वगैरे, त्यांना नावं ठेवत नाही. पण किराणा विभाग बहुतेकांचा गेला.

अजून एक, पिशव्या फक्त एसटीने नाही यायच्या. मे महिन्यात बोटीने यायच्या, भाऊच्या धक्क्यावरून. बोट बाहेर उभी राहायची आणि माणसं सामान सगळं पडावातून किनाऱ्याला, त्यात एखादी पिशवी भिजली की आतली बिस्किटं आम्ही खारी म्हणून खायचो. पावसाळ्यात बोट बंद, म्हणून गणपतीला एसटी.

नवी_पिढी_पनवेल
काका लोक, आमच्या वयाच्यांसाठी बंद पडलेलं दुकान म्हणजे बिग बझार. २००१ ला सुरू आणि २०२२ ला खल्लास, आमच्या एका बालपणात बसतं. गावाहून आजी आली की तिला तिथे न्यायचो आणि ती पहिल्यांदा गव्हात हात घालायची, मग तांदळात, आणि नाक मुरडून "आपला बरा" म्हणायची. नंतर कळलं की बिग बझारवाल्या किशोर बियाणींनी ते मुद्दामच तसं ठेवलेलं, धान्य उघडं, वाटा अरुंद, जरा पसारा, कारण फार चकाचक दुकान बघितलं की साधा माणूस महाग असेल म्हणून आतच येत नाही. क्रॉसरोड्सच्या बरोब्बर उलट. २६ जानेवारी २००६ ला सबसे सस्ता दिन काढला तर इतकी गर्दी की काही ठिकाणी दुकानं बंद करायची वेळ आली.

पण बंद पडलं ते गिऱ्हाईक नव्हतं म्हणून नाही, कर्ज. त्यात लॉकडाऊन. ऑगस्ट २०२० मध्ये रिलायन्सला २४,७१३ कोटीत विकायचं ठरलं, अ‍ॅमेझॉन कोर्टात गेलं, भांडण चालूच, इकडे जागेची भाडी थकलेली. त्या जागांचे करार रिलायन्सने स्वतःकडे घेतलेले, फेब्रुवारी २०२२ ला त्यांनी दुकानंच ताब्यात घेतली आणि नंतर तिथे स्मार्ट बझारच्या पाट्या. हायपरसिटी पण २०१७ ला बियाणींच्याच ग्रुपने घेतलेलं, तेही त्यातच गेलं. सुभिक्षा तर त्याआधीचं, १९९७ ला चेन्नईत सुरू, २००८ पर्यंत सोळाशेच्या आसपास दुकानं, आणि २००९ ला शटर. उधारीवर दुकानं वाढवत गेले आणि एक दिवस माल भरायला पैसेच नाहीत. मग बंदरावरचे काका म्हणतात ती उधारी फक्त सहकारातच असते असं नाही ना!

लांज्याची_लेक
कापडाचं कोणीच काढलं नाही म्हणून लिहिते. गिरण्यांची स्वतःची दुकानं असायची, कामगारांना सवलतीत मिळायचं, आणि कटपीस वजनावर. आमच्या घरी तीन भावंडांना एकाच ताग्यातले कपडे, जत्रेत हरवलो तर ओळखू यायचो. आईकडे खटाव मिलची व्हॉइल साडी होती, घामाच्या दिवसात तिच्यासारखी दुसरी नाही. नवी आता मिळत नाही.

आंबेवाला_देवगड
सगळ्यांचे आभार, मला वाटलं दोन-तीन ओळी येतील. मुलीला दमाणींचं सांगितलं तर तिचा विश्वास बसेना, गुगल करून आली मग बसला. बंदरावरचे भाऊ, संघ एका ओळीत उडवला ते चुकलंच, पण उधारीच्या यादीत आमचे पण एक नातेवाईक होते त्यामुळे जास्त बोलत नाही 😄 नायगाववाले, वडिलांचं ते सभासदाचं काही कागद वगैरे आहे का अजून? असेल तर फोटो टाका.

राजापूर_व्हाया_नायगाव
शेअर सर्टिफिकेट आहे, वडील गेल्यावर कपाटात सापडलं. नाव झाकून टाकतो उद्या. त्यावरून आठवलं, हे आता माझ्या नावावर होऊ शकतं का? पैशासाठी नाही, रक्कम काहीच नाही.

फोर्टची_लोकल
होतं की. सहकारी संस्था कायद्यातच आहे, सभासद वारला की त्याचा शेअर नॉमिनीच्या नावे करतात, नॉमिनेशन नसेल तर वारसाच्या. मृत्यूचा दाखला, मूळ सर्टिफिकेट आणि अर्ज घेऊन संस्थेच्या ऑफिसात जा, झेरॉक्स दोन सेट न्या, आणि शक्यतो लंच टाइमला जाऊ नका.