जांभ्याची भिंत आणि गटाचं चित्र

गावातली भित्तिचित्रं पहिल्याच पावसात का सोलवटतात, असं बरेच जण विचारतात. मी चित्रकलेची विद्यार्थिनी, मालवण-वेंगुर्ला भागात गटाबरोबर भिंती रंगवते, म्हणून लिहितेय.

रंगाआधी भिंत दगा देते. जांभा, म्हणजे इथला तांबडा दगड, सच्छिद्र, पावसाळाभर पाणी पितो. ते पाणी उन्हात बाहेर येताना खार घेऊन येतं आणि रंगाला आतून ढकलतं. म्हणून आम्ही दिवाळीनंतरच हात घालतो. सुटलेला जुना चुना तारेच्या ब्रशने खरवडायचा, भिंत धुऊन पूर्ण वाळवायची, मग प्रायमर, आणि वर बाहेरच्या भिंतीसाठीचंच इमल्शन. यात वेळ जातो, पण जाऊ द्या.

गटात बाह्यरेषा दोघांनीच मारावी, बाकीच्यांनी भरण करावं. आणि समुद्राचा निळा एकदाच बादलीभर कालवून झाकून ठेवा, दुसऱ्या दिवशी तोच निळा पुन्हा जुळत नाही.

कच्चं चित्र गावाला जरूर दाखवा. रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या मासेमारी जाळ्याचं, चित्र बघून एक आजोबा थांबले आणि म्हणाले, "गो बाय, रापण हातान नाय, कंबरेन ओडतत." मग स्वतः मागे रेलून, टाचा वाळूत रोवून दाखवलं. त्या रेलण्यानेच चित्रात जोर आला.

आणखी एक, कळकळीने सांगते. वारली सुंदरच, पण ती डहाणू-तलासरीकडची. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, आहे, तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. इथल्या भिंतींवर ती का दिसू नये?