स्ट्रिक्टली बघणारे आहेत का इथे? मत नाचाला द्यायचं की माणसाला?

रेडिंगकरीण

लोकहो, इथे यूकेतले बरेच जण आहेत म्हणून विचारते, स्ट्रिक्टली कोण कोण बघतं? बीबीसीवरचं स्ट्रिक्टली कम डान्सिंग, सप्टेंबरपासून ख्रिसमसच्या जरा आधीपर्यंत दर शनिवारी असतं ते. ज्यांनी कधी बघितलं नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात, नट-नट्या, खेळाडू, बातम्या देणारे, यूट्यूबर अशा सेलिब्रिटींना एकेक प्रोफेशनल डान्सर जोडीला देतात, दर आठवड्याला नवीन नाच, वॉल्ट्झ, टँगो, चा चा चा, जाइव्ह वगैरे, चार जज दहापैकी मार्क देतात, लोक घरून मतं देतात, मग खालच्या दोन जोड्या परत नाचतात (डान्स-ऑफ) आणि त्यातली एक घरी जाते. 2004 पासून चालू आहे.

तर आमच्या घरी यावरून दरवर्षी तेच भांडण. नवऱ्याचं म्हणणं, नाचाची स्पर्धा आहे ना, मग चांगला नाचेल तो जिंकू दे, बाकी रडारड नको. 2024 ला ख्रिस मॅककॉसलंड जिंकला तेव्हा हा म्हणाला की सहानुभूतीची मतं पडली, कारण ताशा घौरीचे मार्क सीझनभर त्याच्यापेक्षा वर होते. मार्कांचं खरं आहे पण माझं डोकंच फिरलं. अरे, तो माणूस पूर्ण आंधळा आहे, दृष्टी विशीतच गेली त्याची, म्हणजे हा कार्यक्रम त्याने डोळ्यांनी कधी बघितलेलाच नाही, चा चा चा दिसतो कसा हेच त्याला माहीत नाही! त्याच्या जोडीदार डान्सरने, डायॅनने, एकेक स्टेप बोलून आणि हातपाय धरून शिकवली असणार. त्याचा वॉल्ट्झ बघा, मान वर, खांदे खाली, आणि फ्लोअरभर फिरताना कुठे चाचपडतोय असं एकदाही वाटत नाही. त्याला सहानुभूती म्हणायचं?

पण मग उलट बाजूने मला स्वतःलाच उत्तर देता येत नाही. 2023 ला लेटन विल्यम्स होता, लंडनच्या वेस्ट एंडच्या म्युझिकल्समधून आलेला, अफाट नाचायचा, आणि मी त्याला एकही मत दिलं नाही. "याला तर येतंच की", एवढंच कारण. फायनलला एली लीच जिंकली, मला आनंद झाला. आता यात लेटनची काय चूक? त्याला बोलावलं म्हणून तो आला. 2025 च्या फायनलला अँबर डेव्हिसच्या बाबतीत परत तेच, म्युझिकल्सवाली म्हणून लोक नाकं मुरडत होते, ती तर बिचारी डॅनी डायरचा पाय मोडला म्हणून ऐनवेळी आलेली. जिंकली कॅरन कार्नी, इंग्लंडकडून 144 मॅचेस खेळलेली फुटबॉलर.

तर प्रश्न असा की तुम्ही मत कशावर देता? आणि जजेसचे मार्क आणि लोकांची मतं एकत्र कशी करतात हे कोणाला नीट माहीत असेल तर सांगा, कारण मला कधीकधी वाटतं की ते मार्क नुसते शोभेला आहेत.

(जाता जाता, रविवारचा निकाल शनिवारी रात्रीच शूट होतो हे सगळ्या देशाला माहीत आहे, तरी सूत्रसंचालन करणारी क्लॉडिया आपली दर रविवारी नवीन ड्रेस घालून यायची, मला ते फार गोड वाटायचं. आता ती आणि तिची जोडीदार टेस, दोघींनी 2025 च्या सीझननंतर कार्यक्रम सोडला, तर कसं होणार देव जाणे.)

हिशेबनीस

मार्क शोभेला नाहीत पण तुम्हाला वाटतं तेवढे जडही नाहीत. सांगतो.

मार्कांची बेरीज थेट धरतच नाहीत, फक्त नंबर धरतात. समजा दहा जोड्या उरल्यात. जजेसच्या यादीत पहिल्याला 10 पॉइंट, दुसऱ्याला 9, असं करत शेवटच्याला 1. लोकांच्या मतांची पण तशीच यादी, 10 पासून 1 पर्यंत. दोन्हीची बेरीज. बेरीज सारखी आली तर लोकांच्या यादीत जो वर तो वर. आता यात गंमत बघा, पहिल्याचे 39 आणि दुसऱ्याचे 38 असले तरी फरक एक पॉइंटचा, आणि पहिल्याचे 39 आणि दुसऱ्याचे 28 असले तरी फरक एकच पॉइंटचा. म्हणजे जज कितीही जीव तोडून मार्क देवोत, अंतर सपाट होऊन जातं. जजेसकडे शेवटचा असलेला लोकांकडे पहिला आला तर 1 + 10 = 11, आणि दोन्हीकडे मधेच लटकलेला 5 + 5 = 10. म्हणून तो मधला, बऱ्यापैकी नाचणारा, कोणाचाच लाडका नसलेला प्राणी दरवर्षी अचानक डान्स-ऑफमधे दिसतो आणि सगळे म्हणतात शॉकिंग. शॉकिंग काही नाही, गणित आहे.

फायनलला तर मार्क खरंच शोभेला, जजेस नुसते "मार्गदर्शन" म्हणून आकडे दाखवतात आणि निकाल फक्त लोकांच्या मतांवर. तेव्हा तुमच्या मिस्टरांना सांगा, ख्रिस नियमाने जिंकलाय.

आणि या गणिताने बीबीसीचीच एकदा चांगली फजिती केली होती. 2008 ची सेमीफायनल, तीन जोड्या. रेचल स्टीव्हन्स आणि लिसा स्नोडन जजेसकडे बरोबरीत पहिल्या, दोघींना 3-3 पॉइंट, आणि टॉम चेंबर्सला उरला 1. आता टॉम लोकांकडे पहिला आला तरी त्याचे 1 + 3 = 4. त्या दोघींपैकी एकीचे 5, दुसरीचे 4. म्हणजे खालच्या दोघांत टॉम असणारच, लोकांनी काहीही करू दे! लोक पैसे भरून फोन करत होते आणि त्या मतांनी तो वाचूच शकत नव्हता. लाइव्ह कार्यक्रमात हे लक्षात आल्यावर तिघांनाही फायनलला पाठवलं. आणि फायनल जिंकली कोणी? टॉमनेच.

मी स्वतः मत देत नाही. बायको देते, तीन मतं असतात, तिन्ही एकालाच.

चिमणराव_२

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. कोणीतरी त्या कडक जजचा, क्रेगचा विषय काढा रे.

टाच_आधी

मी मँचेस्टरला गेली काही वर्षं हौस म्हणून बॉलरूम, म्हणजे वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉटसारखे जोडीदाराला धरून करायचे नाच, शिकतेय (आयडीवरून कळलंच असेल), त्यामुळे थोडं नाचाच्या बाजूने लिहिते.

रेडिंगकरीण, "याला तर येतंच की" यात एक गफलत आहे. म्युझिकल्सवाल्या किंवा पॉप ग्रुपवाल्या लोकांना नाचता येतं पण बॉलरूम येत नाही, दोन्ही वेगळी प्रकरणं आहेत. त्यांना स्टेप्स पटकन पाठ होतात, कॅमेऱ्याला घाबरत नाहीत, लॅटिनमधे (चा चा चा, जाइव्ह वगैरे) जोरात असतात. पण फॉक्सट्रॉटला आणा. पुढे जाताना टाच आधी टेकायची, आणि थिएटर जॅझवाल्यांचा पाय वर्षानुवर्षं चवड्यावर टेकायला शिकलेला असतो, तो सहजासहजी ऐकत नाही. शिवाय एकट्याने प्रेक्षकांकडे बघून नाचायची सवय, इथे जोडीदाराला कमरेजवळ चिकटून, त्याच्या उजवीकडे सरकून, मान डावीकडे ठेवून अख्खा फ्लोअर घड्याळाच्या उलट फिरायचा. त्या दोघांच्या मधे फट पडली की जज लगेच "गॅपिंग" म्हणतात ते हेच. ज्याला आधी काहीच येत नाही त्याला मोडायची सवयच नसते, म्हणून कधीकधी एखादा क्रिकेटर फॉक्सट्रॉट सुंदर करून जातो आणि पॉपस्टार अडकते.

याच कारणाने ख्रिसचं कौतुक मला जरा वेगळं वाटतं. होल्डमधे, म्हणजे एकमेकांना धरून नाचताना, जोडीदाराच्या अंगावरून दिशा कळते, आम्हाला तर क्लासमधे मुद्दाम डोळे मिटून वॉल्ट्झ करायला लावतात. खरं कठीण ते जाइव्ह, चा चा चा, जिथे हात सुटतात आणि दोघं लांब जातात. त्याचं तिथलं काम मला वॉल्ट्झपेक्षा भारी वाटलं पण लोकांना आठवतो वॉल्ट्झच. तेच रोझ आयलिंग-एलिसचं, 2021 ची विजेती, कर्णबधिर आहे. सगळ्यांना तो मधे संगीत बंद होतं तो नाच आठवतो, आणि तो आहेच तसा, पण तिचा क्विकस्टेप किंवा टँगो बघा, संगीत नीट ऐकू येत नसताना टायमिंग असं धरलंय की चांगल्या कानाचे लोक मान खाली घालतील.

माझी खरी तक्रार मतदारांवर नाहीच, कॅमेऱ्यावर आहे. वॉल्ट्झ मिनिटाला 28-30 बारचा (बार म्हणजे तालाचं एक आवर्तन), व्हिएनीज वॉल्ट्झ त्याच्या दुप्पट, 58-60. एवढ्या वेगात पाय काय करतायत ते बघायचंय, आणि नेमकं तेव्हाच डायरेक्टर चेहऱ्याचा क्लोजअप देतो, नाहीतर क्रेनवरून झुंबर दाखवतो. वर ड्राय आइसचा धूर गुडघ्यापर्यंत! पाय दिसलेच नाहीत तर माणूस मत चेहऱ्यालाच देणार ना. ज्या आठवड्यात कार्यक्रम ब्लॅकपूलला होतो तेव्हा तर विचारू नका, टॉवर बॉलरूमचा तो लाकडी फ्लोअर, नाचणाऱ्यांची पंढरीच ती, आणि त्यावर मागे वीस-वीस नाचणारे भरतात. फ्लोअर रिकामा सोडा की हो.

@चिमणराव, क्रेग एकटाच खरं बोलतो. लोक हुर्यो करतात तेव्हा तो बहुतेक वेळा बरोबरच असतो.

ठाणे_वेस्ट

मी भारतातून यूट्यूबवर तुकडे बघते, पूर्ण एपिसोड मिळत नाही. पण हा वाद आपल्याकडे पण आहेच की. झलक दिखला जा हे याचंच भारतीय भावंड, 2006 ला सोनीवर सुरू झालं, पहिल्यांदा मोना सिंग जिंकली. 2009 ला तर बायचुंग भुतिया! फुटबॉलर लोकांचं काहीतरी आहे बघा. तेव्हा न येणारे लोक शिकतायत ही मजा होती, मीही तेच बघायचे. मग हळूहळू असं झालं की तेरिया मगर जिंकली, जी आधी लहान मुलांच्या डान्स शोची विजेती, 2022 ला गुंजन सिन्हा, आठ वर्षांची, पण अंगात काय स्प्रिंग होती देव जाणे. त्यांच्या नाचाबद्दल बोलायलाच नको पण हा सेलिब्रिटींना नाच शिकवायचा कार्यक्रम राहिला का? त्याच सीझनला आपली अमृता खानविलकर होती, गश्मीर महाजनी होता, अमृता बाहेर पडली तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर जे काही झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आणि झलकमधे बॉलरूम नावापुरतंच, लावणी, हिपहॉप, हवेत लटकणं, सगळं एका ताटात. त्यामुळे तुलना कशाची कशाशी करणार? स्ट्रिक्टलीत निदान सगळ्यांना तेच ठरलेले नाच करावे लागतात. म्हणून मला वाटतं तिथे मार्कांना किंमत जास्त हवी. डॉ. पूनम क्रिशनने 2024 ला तिथे बॉलिवूड केलं ते मात्र मी दहादा बघितलं, वीस वर्षांत पहिल्यांदाच म्हणे. एवढी वर्षं का लागली हा वेगळा धागा होईल.

एकदा एका पेक्षा एकचे जुने एपिसोड लावा कोणीतरी, महागुरूंच्या कमेंट्सपुढे क्रेग काहीच नाही. (दिवे घ्या.)

मडगांवकर

वाचून हसू आलं कारण तुम्ही ज्याला बॉलरूम म्हणून क्लास लावता ते आमच्या गोव्यात, सासष्टीत लग्नात आपोआप येतं. कॅथलिक लग्नात नवरा-नवरीचा पहिला वॉल्ट्झ, मग सगळे उतरतात, फॉक्सट्रॉट, जाइव्ह, आणि शेवटी मसाला (कोंकणी गाण्यांची मिसळ) सुरू झाला की कोणी खुर्चीवर राहत नाही. मी हिंदू, पण शेजारच्या लग्नांत लहानपणापासून बघून बघून पाय शिकले. आमच्या वाड्यावरचे एक म्हातारे अंकल, ऐंशीच्या घरातले, गुडघे दुखतात म्हणून चर्चमधे बसून असतात आणि बँडने वॉल्ट्झ धरला की मावशीला घेऊन उभे. पाऊल जेमतेम विटेएवढं सरकतं, पण त्यांचा डावा हात, मावशीचा हात धरलेला, हवेत जिथे ठेवला तिथून हलत नाही. टाच_आधी ताईंना ते बघायला आवडेल. क्रेगने दिले असते चार.

मत कशाला द्यायचं विचाराल तर जोडीला द्या. एकटा सेलिब्रिटी बघू नका, दोघं एकमेकांचं ऐकतायत का बघा. बऱ्याचदा प्रोफेशनल एवढं ओढत असतो की समोरचा नुसता सामान वाटतो.

रेडिंगकरीण

वा, मस्त माहिती मिळाली सगळ्यांकडून. हिशेबनीस, तुमची पोस्ट नवऱ्याला वाचून दाखवली, त्याचं म्हणणं की मग हे गणितच चुकीचं आहे, सरळ मार्कांची टक्केवारी धरा. वाद काही मिटत नाही.

टाच_आधी, कॅमेऱ्याचं एकदम पटलं. आणि लेटनचं तुम्ही सांगितलंत तसं बघायला परत एकदा त्याचे बॉलरूमवाले नाच काढले. आता कळतंय की तो लॅटिनमधे जेवढा मोकळा आहे तेवढा होल्डमधे नाही, म्हणजे तोही शिकतच होता. तरी मी एलीलाच मत दिलं असतं हो, तिची पहिल्या आठवड्यापासूनची वाढ डोळ्यांना दिसत होती. न येणाऱ्याचं येणाऱ्यात झालेलं बघायला मी बसते, माझं तरी असंच आहे. येणाऱ्याचं बघायचं तर ब्लॅकपूलच्या खऱ्या स्पर्धा आहेतच.

मडगांवकर, "सामान" वाचून फुटले. अशी दोन-तीन सामानं मला आत्ता नावानिशी आठवतायत, पण लिहित नाही.

ठाणे_वेस्ट

एक शंका, भारतातून मत देता येतं का? आमचा इथला ग्रुप मोठा आहे, एखाद्या देसी स्पर्धकाला वाचवू शकू.

हिशेबनीस

नाही येत. बीबीसीचं अकाउंट लागतं आणि यूकेतच असावं लागतं. बरं झालं, नाहीतर तुमच्या सोसायटीच्या ग्रुपने पहिल्याच आठवड्यात निकाल लावला असता.