आपत्कालीन पेटी: तयार घ्यावी की घरीच भरावी?

चौथा_मजला: आणीबाणीच्या सामानाची तयार पिशवी ऑनलाइन मिळते, ती घ्यावी की आपली आपण भरावी? घरात चौघं: आम्ही दोघं, दीड वर्षाचं बाळ आणि सासूबाई. त्यांचं इन्सुलिन चालू आहे. जागा म्हणाल तर पलंगाखाली. नेटवरच्या याद्यांमध्ये दोरखंड, कुऱ्हाड काय काय आहे. मी कुऱ्हाड घेऊन काय करू?

रिकामटेकडा: कुऱ्हाड राहू द्या, पाण्याचा हिशेब करा. पिणं आणि जेमतेम हात-तोंड धुणं धरून माणशी दिवसाला ४ लिटर. चौघांना तीन दिवस म्हणजे ४८ लिटर, वजन ४८ किलो! खांद्याला लावायच्या पिशवीत हे मावणारच नाही, म्हणून तयार पिशव्यांवर माझा राग. त्यात चकचकीत शिट्टी असते, पाण्याच्या नावाने बोंब.

कॅन ५ लिटरचे घ्या. २० लिटरचा भरलेला कॅन सासूबाईंना एकट्याने वाकडा करता येणार नाही. घरी भरलेलं पाणी दर सहा महिन्यांनी बदला. साठा संपून भलतंच पाणी प्यायची वेळ आली, तर खळखळून उकळी आल्यावर १ मिनिट तसंच उकळू द्या.

विजेरी डोक्याला लावायची घ्या, बाळ कडेवर असताना हात मोकळे हवेत. आणि सेल आत घालून ठेवू नका! पडून पडून गळतात, स्प्रिंगवर पांढरी पूड साचते आणि ऐनवेळी विजेरी ढिम्म. सेल वेगळे, रबर लावून बाजूला. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेतून फोनपर्यंत साधारण दोन-तृतीयांशच पोचतं, तेव्हा एकीवर दोन दिवस दोघांचे फोन चालतील असं धरू नका.

चौथा_मजला: आणि इन्सुलिन? वीज गेली की फ्रिज बंद.

गोळ्या_वेळेवर: दार उघडलं नाही तर फ्रिज साधारण ४ तास गार राहतो. वापरात असलेलं इन्सुलिन बहुतेक प्रकारांत खोलीच्या तापमानाला, ३० अंशांच्या आत, २८ दिवस चालतं; तुमच्या प्रकाराचं खोक्यातल्या पत्रकावर बघून घ्या. बर्फाला चिकटवून मात्र ठेवू नका. एकदा गोठलं की ते टाकूनच द्यायचं. सुया, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आणि साखर उतरली तर ग्लुकोजची पूड, हे सगळं एकाच डब्यात. डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत त्यातच.

चौथा_मजला: छान. मग डायपर दोन-तीन मोठी पाकिटं टाकून ठेवते.

रिकामटेकडा: एकच ठेवा. सहा महिन्यांनी पाणी बदलाल तेव्हा बाळाचं मापही बदललेलं असेल.