गाडीत वायर ओढायला स्टीलची स्प्रिंग आणू नका (माझं मत, भांडायला या)

खटपट्या: मागचा डॅशकॅम लावायचा म्हणजे पुढच्या काचेपासून डिकीच्या दारापर्यंत वायर न्यायची, आणि कुणालाही विचारा, तो म्हणतो इलेक्ट्रिशियनची स्प्रिंग (वायर ओढायची ती स्टीलची लांब पट्टी) आण नि घाल आत. अहो ती घराच्या वायरिंगसाठी आहे! तिथं २०-२५ एमेमचा पाईप असतो, पाईपच तिला वळवत नेतो. गाडीत पाईप कुठाय? रूफ लायनिंगच्या (छताच्या आतल्या अस्तराच्या) वर फोम, क्लिपा, कंपनीचं वायरिंग, आणि गुंडाळून ठेवलेली ती पट्टी आपल्या जुन्या गोलाईतच वळणार, मग तोंड काढते भलतीकडेच. त्यापेक्षा फायबरच्या फूटभर काड्यांचा सेट घ्या, एकमेकीत आट्यांनी बसतात, टोकाला हूक किंवा लोहचुंबक लावता येतो आणि चुकून कुठल्या टर्मिनलला टेकली तरी शॉर्ट नाही.

स्पॅनरभाऊ: सेट बिट कशाला. सायकलच्या ब्रेकची आतली वायर, दीड एमेमची. हवी तशी वाकते आणि सोडली की सरळ. टोकाला तिचा तो धातूचा गोळा असतोच, तो पुढं ठेवून ढकलायची, कशात अडकत नाही. आमच्याकडं सगळे हेच वापरतात.

खटपट्या: @स्पॅनरभाऊ गोळा पुढं, मग आपली वायर बांधणार दुसऱ्या टोकाला, तिथं कापलेले तंतू पिसारलेले असतात, शेजारच्या वायरीच्या इन्सुलेशनमध्ये घुसायला तेवढं पुरतं. आणि स्टील ते स्टीलच, बोनेटखाली बॅटरीच्या प्लसला लागलं तर?

स्पॅनरभाऊ: तंतूंवर हीटश्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) चढवा. आणि निगेटिव्ह काढल्याशिवाय बोनेटखाली हात घालणाऱ्याला फायबर पण वाचवणार नाही 😄

डिकीबहाद्दर: दोघंही सोप्या जागेवर भांडताय. खरी मारामारी डिकीच्या बिजागरीजवळच्या त्या रबरी बेलोमध्ये (वायरींवरच्या घड्यांच्या नळीत) आहे. फायबरची काडी तिथं वळत नाही, जोर लावला की तडकते आणि कुसळं हातात, सायकलची वायर रबराच्या प्रत्येक घडीत अडते. बेलोची दोन्ही टोकं पत्र्यातून बाहेर काढा, हातानं ताणून सरळ धरा, साबणाचं पाणी सोडा आणि लांब केबल टाय घाला, चपटा असतो, कंपनीच्या वायरींच्या कडेनं सरकत जातो. टोकाला वायर टेपनं बांधताना निमुळती करत आणा, गाठोडं केलंत तर तिथंच बसेल. आणि गंजाचे स्प्रे, ग्रीस काही मारू नका, पेट्रोलियमवाल्या तेलानं रबर फुगतं.

नाना_वायरवाला: स्प्रिंगला एवढ्या शिव्या नकोत हो. मोठ्या व्हॅनचं छत सरळ लांबलचक असतं, तिथं फूटफूटभर काड्या जोडत बसा तुम्ही, माझी पट्टी तोवर मागच्या दारापर्यंत. टोकाला दीड-दोन इंच उलटं वाकवून टेप मारली की कुठं घुसत नाही. सोबत एक नायलॉनची दोरी ओढून आतच सोडा, पुढच्या वेळेला कुठलंच हत्यार लागत नाही.

मीनलताई: मला कळत नाही हत्यारावर एवढं का चाललंय. साध्या हॅचबॅकमध्ये अर्धी वायर नुसती दाराच्या रबरी बीडिंगखाली आणि सिल प्लेटखाली (दाराच्या उंबऱ्यावरची पट्टी) दाबत जाते, त्याला प्लास्टिकची पाती पुरे. काय ढकलताय यापेक्षा कुठून ढकलताय ते बघा. साईडचे कर्टन एअरबॅग (खिडक्यांवर पडद्यासारखे उघडणारे) असतील तर ते ए-पिलरपासून (पुढच्या काचेशेजारचा खांब) छताच्या कडेनं मागं जातात, आणि तुम्ही सगळे न बघता तिथंच काडी घुसवायला सांगताय! पिलरचं ट्रिम (वरचं कव्हर) आधी खोला, वायर बॅगेच्या मागून न्या, कंपनीच्या हार्नेसला (वायरींच्या जुडग्याला) बांधा. बॅगेवरून गेली तर फुगताना बॅग अडेल नाहीतर वायरच तोंडावर येईल. पिवळे कनेक्टर दिसले की हात लांब.

नाना_वायरवाला: @मीनलताई एअरबॅगचं शंभर टक्के. पण सगळं ट्रिम खोला म्हणणं सोपंय, जुन्या गाडीच्या क्लिपा एकदा निघाल्या की निम्म्या तुटतात आणि मग ते आयुष्यभर खडखडतं.

मीनलताई: क्लिपा नव्या मिळतात नाना, आणि ए-पिलर सोडून बाकी काही खोला असं मी म्हटलेलंच नाही.

खटपट्या: बेलोला केबल टाय, मान्य. मोठ्या व्हॅनला नानांची स्प्रिंग, बरं. पण फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) ग्रोमेटमधून, म्हणजे भोकातल्या रबरी बुचातून, जिथं पलीकडं काय आहे ते दिसतच नाही, तिथं मी लोखंड घालणार नाही.

स्पॅनरभाऊ: घालू नका, पण ग्रोमेटला भोक पाडल्यावर सिलिकॉन भरा, नाहीतर पावसाळ्यात पायाखालचा गालिचा ओला झाला की परत इथंच याल विचारायला.