सायकेडेलिक चित्रं म्हणजे नशेची जाहिरात? मला अजिबात पटत नाही

निळी शाई
कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर परवा एक पोस्ट आली. तिचं म्हणणं असं: काळा घोडा-कुलाब्याच्या गॅलऱ्यांत आणि हल्लीच्या म्युझिक व्हिडिओंत जे वितळणारे चेहरे, गरगरणारी मंडलं, डोळ्यांवर आदळणारा गुलाबी-हिरवा दिसतो, ती सगळी सायकेडेलिक, म्हणजे भास झाल्यासारखी दिसणारी चित्रं एलएसडी या अमली पदार्थाची जाहिरात आहेत. साठच्या दशकातल्या हिप्पींच्या सॅन फ्रान्सिस्कोची उष्टी पत्रावळ आहे आणि आपल्याशी तिचा काडीचा संबंध नाही. खाली वा-वा करणाऱ्यांची रीघ. डोक्यातून जाईना, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

उष्टी पत्रावळ कशाला म्हणता? १९६९ साली चित्रकार अकबर पदमसींनी नेहरू फेलोशिपच्या पैशांतून नेपियन सी रोडवर 'व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप' सुरू केलं. चित्रकार, फोटोग्राफर, सिनेमावाले एका छताखाली. पदमसींची 'सिझिजी' ही छोटी फिल्म त्याच काळातली. रेषा एकमेकींतून फुटत जातात, ना रंग ना आवाज, आणि थोड्या वेळाने आपण रेषा बघतोय हेच विसरायला होतं. चित्रकार नलिनी मलानी तेव्हा विशीतल्या. पुठ्ठ्याच्या मॉडेलवर रंगीत प्रकाश टाकून त्यांनी तिथे 'ड्रीम हाउसेस' केली. जवळच पेडर रोडला फिल्म्स डिव्हिजनमध्ये प्रमोद पती सरकारी नोकरीत राहून १९६८ मध्ये 'एक्सप्लोरर' आणि १९७२ मध्ये 'आबिद' करत होते. 'आबिद'मध्ये चित्रकार आबिद सुरती एका खोलीत आहेत. जिवंत माणूस, पण एकेक फ्रेम थांबवून चित्रित केलेला, त्यामुळे तो चालत नाही, सरकतो, आणि भोवतीची खोली रंगांनी भरत जाते. हे सरकारी पैशातून झालंय, लोकहो.

आणि बरवे? चित्रकार प्रभाकर बरवे जे.जे.तून बाहेर पडले, विणकरांसाठीच्या सरकारी वीव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये लागले, नोकरीनेच बनारसला गेले. तिथे तांत्रिक आकृत्यांनी त्यांना पकडलं. दारं-खिडक्यांना लावतात तो इनॅमल रंग त्यांनी कॅनव्हासवर आणला आणि नंतर 'कोरा कॅनव्हास' मराठीत लिहिलं. यात सॅन फ्रान्सिस्को कुठे आहे ते दाखवा.

मला अर्धशिशी आहे. डोकं दुखायच्या आधी नजरेच्या कडेला एक लखलखती नागमोडी किनार उगवते, हळूहळू पसरते, आणि समोरच्या माणसाचा अर्धा चेहराच नाहीसा होतो. कुठलीही गोळी न घेता. मानसशास्त्रज्ञ हाइनरिख क्ल्यूव्हरने १९२० च्या दशकात मेस्कलिन या भास घडवणाऱ्या पदार्थावर काम करताना लिहून ठेवलंय की माणसांना तेच चार प्रकारचे आकार दिसतात: जाळी, कोळिष्टक, बोगदा, चक्राकार वळण. १९७९ साली अर्मेंट्राउट आणि कोवन या संशोधकांनी त्याचं गणितही मांडलं. डोळ्याच्या पडद्यावरचं चित्र मेंदूत ज्या ठेवणीने उतरतं, त्या ठेवणीमुळे मेंदूतला साधा पट्टा आपल्याला चक्र किंवा बोगदा म्हणून दिसतो. म्हणजे हे आकार प्रत्येकाच्या डोक्यात आधीपासून आहेत. अमली पदार्थ हा तिथे जायचा एक रस्ता, तोही वाईट. चित्र हा दुसरा.

पार्लेकर
ताई, अभ्यास दांडगा आहे, मान्य. पण पन्नास वर्षांपूर्वीच्या चार थोर नावांच्या आडून आजच्या बाजाराची वकिली करू नका. त्या पोस्टचा रोख आजच्या गाण्यांवर होता. आजच्या व्हिडिओत पोरगं जिभेवर एलएसडी लावलेला कागदाचा तुकडा ठेवतं आणि लगेच आकाश जांभळं होतं. याला मेंदूचं गणित म्हणायचं?

माझ्या बहिणीचा मुलगा इंजिनीअरिंगला होता. असले व्हिडिओ, मग गोव्यात हणजुणेच्या पार्ट्या, मग कॉलेज सुटलं. आम्ही त्याला ज्या अवस्थेत घरी आणला ते इथे लिहवत नाही. अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यात एलएसडीची व्यावसायिक मात्रा फक्त ०.१ ग्रॅम आहे, आणि त्याला किमान दहा वर्षांची सजा. हे कुठल्या गॅलरीच्या भिंतीवर लिहिलेलं असतं का? शॅम्पेनचा पेला हातात घेऊन 'चेतनेचा विस्तार' म्हणायला काय जातं!

निळी शाई
तुमच्या भाच्याबद्दल ऐकून खरंच वाईट वाटलं. पण व्हिडिओने तो तिथे गेला हे तुम्ही कशावरून ठरवलंत? ती पार्टी, ते मित्र, तो विक्रेता यांना सोडून रंगांना का धरायचं? जपानी चित्रकार यायोई कुसामांना ठिपके आणि जाळ्या लहानपणापासून दिसत आल्या, आजारामुळे. १९७७ पासून त्या स्वतःहून टोकियोच्या मनोरुग्णालयात राहिल्या आणि तिथून स्टुडिओत जाऊन काम करत राहिल्या. त्यांच्या ठिपक्यांनाही नशा म्हणणार का?

रेंडर रात्रपाळी
असे व्हिडिओ मी करतो. गोरेगावात एका छोट्या स्टुडिओत. दोघांचंही ऐकून मला राग आलाय, म्हणून लिहितो.

पार्लेकर काका, आमच्याकडे नशा चहाची आणि झोपमोडीची. एका म्युझिक कंपनीने (नाव घेत नाही) गुरुवारी रात्री ब्रीफ पाठवलं: 'ट्रिपी हवं, सोमवारी सकाळी हवं.' पैसे तीन महिन्यांनी, तेही कापून. कोणी काही घेतलं असतं तर त्या मुदतीत एक सेकंदही रेंडर, म्हणजे संगणकावर तयार, झाला नसता.

निळी शाई ताई, तुम्ही पदमसींच्या रेषांबद्दल लिहिता, पण आज आमच्याकडे त्याची किंमत काय आहे ते सांगतो. २०१२ मध्ये टेम इम्पाला या बँडच्या एका गाण्यासाठी बेकी आणि जो या जोडीने प्लॅस्टिसिनचे (खेळण्यातल्या मातीसारख्या पदार्थाचे) हजाराहून जास्त कोलाज हाताने केले. तो व्हिडिओ बघून मी या धंद्यात आलो. आता क्लायंट म्हणतो, एआयमध्ये टाक, दहा मिनिटांत होतं. २०१५ ला गुगलचं डीपड्रीम हे चित्रं बदलून दाखवणारं सॉफ्टवेअर आलं तेव्हा ढगांत कुत्र्यांची तोंडं दिसायची, आठवतं? ज्या चित्रांवर ते शिकलं होतं त्यांत कुत्र्यांच्या जातीच जाती होत्या. लोक म्हणाले, वा, यंत्राला भास होतात. भास कसला, जे खायला घातलं तेच बाहेर आलं. आजही तेच. दुसऱ्याने हाताने केलेलं ढवळून काढायचं आणि त्यावर 'सायकेडेलिक' लिहायचं. उष्टं म्हणायचं तर याला म्हणा.

अर्धा डोळा
विषय निघालाच आहे तर सगळेच एक मुद्दा विसरताहेत. या प्रदर्शनांत लुकलुकणाऱ्या दिव्यांबद्दल इशारा कुठे असतो? माझ्या पुतणीला फिट्सचा त्रास आहे. दक्षिण मुंबईतल्या एका गॅलरीत काळ्या पडद्याआड शिरलो, आत स्ट्रोब. दारावर एक ओळ नाही. ती खाली कोसळली आणि तिथला माणूस म्हणतो, 'कलाकाराने पाटी लावायला नको सांगितलं.' सेकंदाला साधारण ३ ते ३० वेळा होणारी लुकलुक अशा लोकांना घातक असते, हे आता गुपित नाही. डिसेंबर १९९७ मध्ये जपानात पोकेमॉनचा एक भाग बघून शेकडो मुलं इस्पितळात गेली होती. लाल-निळा झपाझप, बस्स.

आणि गॅलरी कशाला, आपल्या विसर्जन मिरवणुका घ्या. लेझर थेट गर्दीच्या डोळ्यांत! २०२३ च्या मिरवणुकांनंतर डोळ्यांच्या पडद्याला इजा झालेल्या तरुणांच्या बातम्या महाराष्ट्रभर आल्या. त्याला कोणी सायकेडेलिक म्हणत नाही, भक्ती म्हणतात.

लालबागचा पोऱ्या
झालं! फिरून फिरून गणपतीवर! गॅलरीत फिट आली तर गॅलरीला धरा. आम्ही वर्षभर वर्गणी गोळा करतो, रक्तदान शिबिरं घेतो, ते दिसत नाही. चार मंडळांच्या लेझरवरून सगळ्यांना झोडपायचं.

अर्धा डोळा
चार मंडळं? गेल्या वर्षी गिरगावात मी माझ्या मोबाइलचा कॅमेरा गमावला. लेझर लेन्सवर आला, सेन्सरवर कायमची रेघ. कॅमेरा बदलून मिळतो, डोळा नाही मिळत. रक्तदानाने तो भरून येतो का?

लालबागचा पोऱ्या
आवाज खाली. आमच्या मंडळात लेझर नाहीच, एलईडी भिंत आहे. ती चालवणारा आमच्याच चाळीतला मुलगा आहे, जे.जे.ला शिकतो. मूर्तीमागे त्याने एक चक्र फिरवलं होतं, वारल्यांच्या तारपा नाचासारखं, पांढऱ्या ठिपक्यांतून माणसं गोल गोल आत जातात. म्हाताऱ्या बायका हात जोडून उभ्या राहिल्या. नशा म्हणाल त्याला?

अर्धा डोळा
त्याला नाही म्हणणार. भिंतीला माझी हरकत नाही. बीम माणसाच्या उंचीच्या वर ठेवा, एवढंच मागतोय.

लालबागचा पोऱ्या
वर ठेवला तर चाळीच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीत बसलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत जातो. म्हणूनच आम्ही ठेवत नाही. हे तुम्हाला आम्हीच सांगायचं.

पार्लेकर
इथे माझा मुद्दा कुठल्या कुठे गेला. असो. काल रात्री 'आबिद' यूट्यूबवर पाहिली. मला त्यात नशा दिसली नाही, हे लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा कोणी विचारायला नको. माणूस कामाने झपाटलेला दिसला. पण याने आजचे व्हिडिओ धुतले जात नाहीत. जिभेवरचा तो कागद अजून तिथेच आहे, आणि तो सोळा वर्षांचा मुलगाही बघतो.

निळी शाई
तो कागद मलाही नको आहे, आणि हे मी तुम्हाला खूश करायला म्हणत नाही. तो आळस आहे. डोळ्यांनी जे घडवून दाखवायला हवं ते जमत नाही, म्हणून तो कागद दाखवायचा आणि प्रेक्षकाला सांगायचं, आता इथून पुढे सगळं विचित्र समज. पतींना त्याची गरज पडली नाही. बरव्यांना पडली नाही. रेंडर रात्रपाळी, तुमच्या प्लॅस्टिसिनवाल्यांनाही नाही. माझा राग गॅलऱ्यांवरही आहेच. भिंतीवरच्या मजकुरात परदेशी नावांची यादी असते आणि पेडर रोडचा उल्लेख नसतो. मग पार्लेकरांसारख्यांना हे सगळं उसनं वाटलं तर दोष एकट्या त्यांचा नाही.

रेंडर रात्रपाळी
उसनं नाही हे मला पटलं, पण एक विचारतो. पदमसींकडे फेलोशिप होती, पतींकडे सरकारी पगार. आमच्याकडे सोमवार सकाळ आहे. मला हाताने करायचंय, त्या क्लायंटला नकोय. तुम्ही प्रेक्षक म्हणून फरक ओळखता का? खरं सांगा. व्हिडिओ फोनवर, लोकलमध्ये उभ्याने बघताना?

निळी शाई
फोनवर नेहमी नाही ओळखत. मोठ्या पडद्यावर ओळखते. हाताने केलेल्यात एक आकार दुसऱ्यात जाताना मधली पायरी दिसते, कोणीतरी ती ठरवलेली असते. यंत्राच्या व्हिडिओत मधेच घसरगुंडी होते, चेहऱ्याचा ढग होतो आणि का झाला ते कोणालाच माहीत नसतं.

पार्लेकर
फोनवर ओळखत नसाल तर कंपनी त्याला जास्त पैसे कशाला देईल?

रेंडर रात्रपाळी
काका, आज पहिल्यांदा आपण एका बाजूला आहोत. देत नाही, हेच तर सांगतोय.

अर्धा डोळा
आणि स्ट्रोबच्या पाटीचं? कोणीच बोललं नाही.

निळी शाई
पाटी हवीच, मोठ्या अक्षरांत, मराठीतही, पडद्याच्या बाहेर. कलाकार नको म्हणाला तरी.