झाडीपट्टीत गोष्ट लांबते

माध्यम बदललं की गोष्टीची काटछाट होते, असं म्हणतात. ते सिनेमापुरतं पटतं. गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या वडशाकडे उलटं आहे. झाडीपट्टीचं, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या जंगलपट्ट्याचं, नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतं, त्यामुळे शहरातली अडीच तासांची संहिता इथे आली की तिला गाणी, लावणी, विनोदी पात्राचे प्रवेश जोडावेच लागतात. ही भर मला तरी गोष्टीच्या मुळावर येणारी वाटत नाही.

मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, एका रात्री मी विंगेत प्रॉम्प्टरशेजारी बसलो होतो. लेक सासरी निघते तो प्रवेश वहीत जेमतेम अर्ध्या पानाचा. समोर चादरी पांघरून बसलेल्या बाया डोळ्याला पदर लावू लागल्या, तसं नटीने ऑर्गनवाल्याकडे पाहिलं आणि तेच कडवं पुन्हा उचललं. प्रॉम्प्टर वहीतल्या ओळीवर बोट ठेवून तसाच थांबला.